एकटीनं घालायचे कपडे

अंटार्क्टिकाला निघालेल्या माणसांच्या पायमोज्यांतली कुसळं मी चिमट्यानं काढत असे. नोकरीच होती ती माझी. कुणी विचारलं, "काय करता?" तर मी "ट्रॅव्हल कंपनीत आहे" एवढंच सांगायची. पुढचं सांगितलं की लोक हसायचे. बाहेर वैशाखाचं ऊन, गल्लीत टँकरसाठी लावलेली हंड्यांची रांग, आणि ही बाई टेबलावर लोकरीचे मोजे पसरून बसलेली. हसणारच.

आमचं ऑफिस जालना रोडवर, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. मालक सतीश सर. सुरुवातीला आम्ही चारधाम करायचो, फार तर दुबई. मग शहर वाढत गेलं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांच्या बिल्डिंगा झाल्या, आणि "सगळं बघून झालं, आता काय दाखवता?" असं विचारणारी माणसं आमचा जिना चढून यायला लागली. सरांनी बर्फातल्या जहाजांच्या सफरी घेतल्या. जहाज लहान असतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला त्यात बसायचं, खवळलेला समुद्र ओलांडायचा, मग बर्फ. तिथं बंदर नाही, धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं आणि रबरी होडीत बसून किनाऱ्याला जायचं. शेवटचं पाऊल पाण्यातच पडतं.

या सगळ्याला लागणारे कपडे औरंगाबादेत (तेव्हा पाटीवर औरंगाबादच होतं) कुठं मिळणार? सरांनी ते मागवून भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि ते काम माझ्याकडं दिलं. का, तर "तू नीटनेटकी आहेस." मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. पदवी मिळाली तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता, शाल घालून. इतिहासात बी.ए. करून लोकांची गाठोडी बांधायची, हे मला सुरुवातीला लागलं. पण काम हातात घेतलं की ते नीट करायचं, हा स्वभाव. वर्षभरात माझ्या हातची बॅग घेऊन गेलेला माणूस कुडकुडला नाही, असं सर गिऱ्हाइकांना सांगायला लागले.

वाचणाऱ्यांना थोडं समजावून सांगते. थंडी म्हणजे जाड कोट, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपण जातो तो तिकडचा उन्हाळा असतो. तिथं थंडीपेक्षा ओल वाईट. म्हणून अंगालगत पातळ लोकर, त्यावर उबेचा थर, आणि सगळ्यात वर पाणी-वारा अडवणारं कापड. चालून गरम झालं की एक थर काढायचा, बसलं की चढवायचा. सुती काही नको, बनियनसुद्धा नको, कारण सूत घाम पितं आणि अंगाला धरून ठेवतं. माझा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा, घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. त्याची लेक लोकांना "कापूस काढा" असं सांगायचा पगार घेत होती.

आणि कुसळं अशासाठी, की त्या बर्फावर बाहेरचं बी न्यायला मनाई आहे. जहाजावर खिसे तपासतात, बुटांचे तळवे तपासतात, व्हेल्क्रोच्या चिकटपट्ट्या उकलून बघतात. आपली माणसं नवे बूट सवयीचे व्हावेत म्हणून डोंगरावर फिरून येणार आणि अर्धा डोंगर मोज्यांत घेऊन येणार. त्यात सरांची एक पद्धत होती: ग्रुप निघायच्या दिवशी ऑफिसात औक्षण आणि डोक्यावर अक्षता. पहिल्याच ग्रुपच्या टोप्यांच्या घडीत जहाजावर तांदूळ सापडले. मी अक्षता बंद करून टाकल्या.

सर म्हणाले, "अगं, तांदूळ कुठं रुजतो? साळ रुजते."

"ते तिथल्या तपासणाऱ्याला कुणी सांगायचं?"

"आणि शुभाचं काय?"

"शुभाचं कुंकवावर भागवा, सर. ते धुता येतं."

गिऱ्हाइकं एकेक भारी. पडेगावचे बाबूराव आणि त्यांची बायको मला कायम आठवतात. रस्त्यालगतचं रान प्लॉटिंगमध्ये गेलेलं, लेकानं हौसेनं आईबापाला सफरीला पाठवलेलं. बाई आल्या त्या बजावूनच. "लुगडं सोडून मी पाय ठिवनार नाय. बरफ असू दे नायतर सोनं."

मी म्हणाले, "सोडू नका. काष्टा आहे ना? मग विजार झालीच की ती." आत थर्मल, त्यावर नऊवारी, आणि वरून आमच्याकडची सगळ्यात मोठ्या मापाची वॉटरप्रूफ विजार. बाई आरशासमोर वळून वळून बघायला लागल्या.

बाबूराव म्हणाले, "आगं, पोतं दिसायलीस."

"आन् तुमी लई राजे दिसायलाव!"

त्याच बाबूरावांच्या कोटाच्या आतल्या खिशात मला एक पुडी लागली. काळी माती.

"ही कशाला, बाबूराव?"

"आसू द्या."

"माती चालत नाही तिथं."

त्यांनी पुडी हातात घेतली. मग म्हणाले, "इकताना कुणी इचारलं नाय, चालतं का म्हून. आन् आता न्यायला चालत नाय." पुडी त्यांनी माझ्याकडंच ठेवायला दिली. परत आल्यावर कपडे टेबलावर टाकायच्या आधी ती मागून घेतली.

पण मला सांगायचं आहे ते नांदापूरकर काकूंचं.

काकू गारखेड्यात राहायच्या. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं कॅनडात. ऑफिसात आल्या त्या एकट्या, आणि एकाच माणसाच्या सफरीचं बोलल्या. आमच्याकडं जोडपी यायची, मैत्रिणींचे ग्रुप यायचे. एकटी बाई पहिलीच.

सरांनी विचारलं, "काकू, तुम्ही एकट्या?"

"का? जहाज बुडालं तर जोडीतले दोन जातील, माझ्यात एकच. तुमचं नुकसान कमी."

मला त्या तिथंच आवडल्या. माझ्याकडं मापं द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "पण अंटार्क्टिकाच का?"

"सुमन, मी आयुष्यभर त्या खिडकीत बसून लोकांना 'उद्या पाणी येईल' सांगितलं. लोकांनी मला जे जे म्हणून घेतलं ते तुला सांगत नाही. जगातलं गोडं पाणी बहुतेक सगळं तिथं पडून आहे म्हणतात. एकदा बघून यायचंय, आहे तरी का."

मुलांनी तिकडून पाठवलेला लांब कोट त्या घेऊन आल्या होत्या. मी म्हणाले, हा रस्त्यावरून बाजारात जायचा कोट. होडीत समुद्राचं पाणी उडालं की गोधडीसारखा जड होईल. त्यांना ते पटलं. मग मी आमच्याकडचं पाणी अडवणारं लाल जाकीट दिलं. त्यांनी ते डाव्या हातानं कसंबसं चढवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. चेन लावायला मी पुढं झाले. माझी बोटं त्यांच्या गळ्याशी गेली मात्र, त्यांनी अंग चोरलं.

मी मागं सरले. माझ्या मनात जे यायचं ते आलंच. कॉलेजच्या होस्टेलात पाण्याच्या माठापाशी, पहिल्या नोकरीत चहाच्या कपापाशी, हे अंग चोरणं मी इतकं बघितलं होतं की मला ते ओळखायला वेळ लागत नाही. मी म्हणाले, "तुमचं तुम्हीच लावा, काकू." आवाज कोरडा झाला असणार.

काकूंनी चेन धरायला उजवा हात उचलला. तो कोपराच्या उंचीला आला आणि तिथंच थांबला. ओठ घट्ट मिटून त्या त्याला वर रेटत होत्या आणि तो येत नव्हता. खांदा आखडलेला होता, पार धरलेला. हात लागला तर दुखत होतं. मी उगाच दुसरंच समजले होते.

"घरी कसं करता?" मी विचारलं.

"कामाला बाई येते, ती ब्लाऊजचे हूक लावते. ती ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मी गाऊनवर असते. दार उघडत नाही, कुणाकडं जात नाही. दिवाळीत ती चार दिवस गावाला गेली, तर लोकांना वाटलं मी कॅनडात आहे." आणि हसल्या.

मला हसू आलं नाही. कारण जहाजाची अट मला माहीत होती. बूट, लाइफ जॅकेट, सगळं ज्याचं त्याला घालता आलं पाहिजे. ज्याला नाही जमत त्यानं जहाजावरच थांबायचं आणि खिडकीतून बघायचं. जोडप्यांचं काय, ती एकमेकांना घालतात आणि कुणाला कळत नाही. ही अट खरी लागू होते ती एकट्या माणसाला.

मी ते त्यांना सांगून टाकलं. लपवणं मला जमत नाही.

"खिडकीतून बघायला टीव्ही आहे माझ्या घरी," त्या म्हणाल्या. मग हळूच, "मुलांना कळू देऊ नकोस. कळलं तर ती तिकीट रद्द करतील आणि वर म्हणतील, आई, तुझ्याच भल्यासाठी. मला पाय टेकवायचाय, सुमन. नुसतं बघून आले तर मी कशाला गेले?"

मी म्हणाले, "टेकवाल."

हे मी बोलून गेले खरं. खांदा मोकळा करणं डॉक्टरांचं काम, त्या जातच होत्या, पण त्याला महिने लागणार होते आणि जहाज थांबणार नव्हतं. माझ्या हातात फक्त कपडे होते. ते घेऊन मी शहागंजात सलीमभाईंकडं गेले. आमच्या कपड्यांची डागडुजी ते करायचे.

"सलीमभाई, हा थर्मल समोरून कापायचा, आणि हूक लावायचे. मोठे. डाव्या हाताला लागतील असे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "क्या बोलरे ताई? अच्छा-भला माल है, इसकू काय को काटना?"

"काकूंचा हात वर जात नाही."

"तो बरफ पे जाने का बिलाऊज बोलो ना सीधा!" त्यांनी कापड उलटंपालटं केलं. "काटे तो हवा घुसती अंदर. नीचे पट्टी देना पडता." आणि त्यांनी हुकांच्या आत दुहेरी लोकरीची पट्टी लावली, जी मला सुचली नव्हती. विजारीचे पट्टे मागून न घेता बाजूला फिरवले. जाकिटाच्या चेनीला लाल दोरीचा मोठा फास बांधला, डाव्या हाताचं बोट घालून खालून वर ओढायला. मी बुटांसाठी लाकडी आकड्याची काठी करून घेतली.

मग तालीम. काकू मधल्या वेळी ऑफिसात यायच्या, पडद्याआड कपडे घालायच्या, मी बाहेर बसायची. मदत करायची नाही, हे आमचं ठरलेलं. आतून त्यांचं पुटपुटणं यायचं. एकदा बूट पडद्याखालून बाहेर आला आणि पाठोपाठ शिवी आली. खिडकीवर ऐकलेल्यांपैकी असावी.

शेवटची परीक्षा शीतगृहात. ही आमची पद्धत मी बसवलेली. गावाबाहेर जालन्याच्या वाटेवर मोसंबीसाठी बांधलेलं एक शीतगृह होतं. त्या वर्षी बागा जळाल्या. लोक फळाची झाडं तोडून सरपण विकत होते, मोटारसायकलवर मोळ्या बांधून नेताना दिसायचे. शीतगृह रिकामं पडलं. मालक सरांच्या ओळखीचे, एक खोली आम्हाला गार करून द्यायचे. गिऱ्हाईक आत पंख्यापुढं बसवायचं आणि अंगावर पाणी ओतून कपडा गळतो का बघायचं. खाली टब ठेवायचा. टबातलं पाणी वॉचमन लिंबाच्या झाडाला घालायचा. एरवी त्याला कुणी पाणी घातलं नसतं.

काकू कपड्यांची थैली घेऊन आत गेल्या. दाराची कडी आतून उघडते हे मी दोनदा दाखवलं. जाड दार, आतलं काही ऐकू येत नाही. मी बाहेर उन्हात उभी. रिकाम्या क्रेटच्या उतरंडी, त्यांना अजून मोसंबीच्या सालीचा वास. माझा हात दाराच्या मुठीवर होता. ओढलं असतं तर उघडलं असतं. आत एक म्हातारी बाई एका हातानं कपड्यांशी झुंजत होती, आणि मी ते दार उघडायचं नाही म्हणून उभी होते. कुणाला काही मागायचं नाही, कुणी उपकार केला असं म्हणायला जागा ठेवायची नाही, यावर मी शिकले, नोकरी केली, मुकुंदवाडीला स्टेशनजवळ एक खोली घेऊन एकटी राहिले. तेच मी त्यांना शिकवत होते. मला वाटत होतं, याहून चांगलं शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

दार उघडलं. काकू टोपीपासून बुटापर्यंत तयार. लाल दोरी गळ्याशी.

"ओत पाणी," म्हणाल्या.

मी त्यांना आत पंख्यापुढं बसवलं आणि तांब्या भरून मांडीवर ओतला.

"पुरे! पुरे गं! केवढं ओततेस, पाण्याची काय खाण लागलीय का तुझ्या घरी?" तक्रारीची खिडकी सुटली तरी ती बाई तीच होती. वॉचमनसुद्धा हसला.

निघायच्या दिवशी ऑफिसात औक्षण झालं. जोड्यांमधल्या बायका पुढं झाल्या. काकू आपणहून मागं सरकल्या, प्रिंटरच्या कोपऱ्यात, आणि बाहेर बघत राहिल्या. मला ताम्हन धरता येत नाही, आमच्याकडं तो रिवाज नाही. मी त्यांच्याजवळ गेले आणि बाह्यांच्या चिकटपट्ट्या पुन्हा उकलून बघितल्या. काही नव्हतं त्यांत. दोनदा बघून झालेल्या होत्या.

"झालं का समाधान?" काकू म्हणाल्या.

"झालं. या जाऊन."

परतीनंतर कपडे ऑफिसात आणून द्यायचे असतात. काकूंनी मला घरी बोलावलं. गारखेड्याच्या त्या घरात खोल्या पुष्कळ आणि वापरात एकच. त्यांनी चहा टाकला, मी लोकरीचे कपडे मोजून थैलीत भरत बसले.

"टेकला का पाय?" मी विचारलंच.

"टेकला. प्रत्येक वेळी टेकला. आणि सगळ्यांच्या आधी तयार व्हायचे मी." त्या माझ्यासमोर बसल्या. "हाक यायची, की मी दारापाशी उभी. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, घामाघूम. मागं सगळ्यांचं चाललेलं असायचं, तू मला हे लाव, मी तुला ते ओढते. एक म्हातारा गुडघ्यावर बसून बायकोचे बूट घालत होता. ती त्याच्या टकलावर हात ठेवून उभी. मी बघत राहायचे. तिथलं बर्फसुद्धा मी इतकं बघितलं नसेल."

मी हातातले मोजे थैलीत टाकले.

"शेवटच्या दिवशी मी काय केलं सांगू? हसू नकोस. चेन अर्धीच लावली. मुद्दाम. आणि शेजारच्या केबिनमधल्या बाईपुढं जाऊन उभी राहिले. ही दांडगी बाई, तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. मी नुसती मान वर केली. तिनं चेन ओढली, कॉलर नीट केली, आणि माझे केस बाहेर आले होते ते बोटानं टोपीच्या आत सारले. आपली आई करते तसे." काकूंनी पदर डोळ्यांना लावला नाही, त्या तशातल्या नव्हत्या. "मग आम्ही दोघी उतरलो."

चहा उतू गेला. त्या उठल्या, गॅस बंद केला आणि पाठमोऱ्याच बोलल्या, "त्या दिवशी तू चेन लावायला आलीस आणि मी अंग चोरलं. तुझ्या तोंडावरून मला कळलं होतं, तुला काय वाटलं ते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, खांदा दुखतोय म्हणून. सांगायचीच सवय गेली बघ."

"मीपण विचारलं नाही," मी म्हणाले.

पुढं मुलांनी त्यांना तिकडं नेलं. घर पाडून तिथं आता बिल्डिंग आहे. कधीमधी फोन येतो. मागं म्हणाल्या, "हात बरा झाला गं. आणि इथं सगळ्यांच्या चेनी ज्याच्या त्याला लावता येतात."

मी निवृत्त झाले तेव्हा सर म्हणाले, स्टॉकमधलं हवं ते घे. मी ते लाल जाकीट घेतलं, सलीमभाईंच्या दोरीसकट. सलीमभाई आता नाहीत. त्यांची गाठ अजून सुटलेली नाही.

माझ्या खोलीसमोर गेवराईकडची एक पोरगी राहते, रूपाली. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, ती दिवसभर एकटी. वर्षभर आम्ही दारं लावायच्या-उघडायच्या वेळी तेवढ्या बघायचो. गेल्या थंडीत एका सकाळी मी जाकीट घातलं, चेन छातीपर्यंत ओढली आणि थांबले. मग जाऊन तिचं दार वाजवलं.

"रूपाली, एवढी चेन लावतेस का जरा?"

तिनं पिठाचे हात पदराला पुसले, जवळ आली. दोरी बघून म्हणाली, "मावशी, हिला तर दोरी हाय की वढायला. तुमाला नाय जमत व्हय?"

मी मान वर केली.

"नाय जमत," मी म्हणाले.